नळीवर खापर

रविवारी गोळीबार आटोपला की क्लबातले लोक आपापल्या निशाणाचे कागद उतरवून आणत आणि दारापाशी असलेल्या लाकडी फळ्यावर टाचणीने लावत. ज्याचा कागद चांगला तो तिथेच घुटमळायचा, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधायचा, कोणी काही बोलतंय का याची वाट बघायचा. ज्याचा वाईट त्याला अचानक घरचं काम आठवायचं. ताईचा धाकटा भाऊ मात्र वाईट कागद लावूनही फळ्यासमोर छाती काढून उभा राहायचा आणि वर भाषण द्यायचा. असला कोडगेपणा ताईने दुसऱ्या कोणात पाहिला नव्हता.

"हे बघा," तो म्हणायचा, "लांबट गोळीचं शास्त्र वेगळं. गोल गोळीचे नियम इथे लावू नका."

शास्त्र! हा माणूस पंप विकायचा. पंपांच्या माहितीपत्रकांतले आकडे पाठ करून गिऱ्हाइकांना गार करायची सवय लागलेली, तीच तो इथे आणून सोडायचा. ताई त्याला यंत्रमहर्षी म्हणायची, तोंडावर आणि चारचौघांत. तो हसायचा. त्याच्या हसण्याचाही तिला राग यायचा.

ताई दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या खोलीत भिंतीला लागून लांब टेबल होतं आणि त्यावर प्लास्टरचे जबडे रांगेने आ वासून बसलेले असायचे. केसाएवढा फरक पडला तरी माणसाला घास चावता येत नाही, असल्या कामात तिची अर्धी हयात गेली होती. त्यामुळे अंदाजपंचे काम करणाऱ्या तमाम मानवजातीबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. क्लबातले तिच्याहून वयाने मोठे पुरुषही तिला ताईच म्हणायचे. आदर कमी आणि धास्ती जास्त.

या क्लबात फक्त ठासणीच्या बंदुका चालत. म्हणजे आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग वरून शिशाची गोळी घालायची, गजाने ती दारूवर टेकेपर्यंत दाबायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग एक बार काढायचा. एकच. पुढच्या बारासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतकी उस्तवार करणाऱ्यांना जग खुळं समजतं, आणि जगाचं अगदीच चुकतं असं नाही.

त्यातही इथली एक जुनी रीत होती. बंदूक एकट्याने चालवायची नाही, जोडीने चालवायची. एक ठासणारा, एक झाडणारा. ठासणारा मागे, लाकडी आडोशाच्या पलीकडे, ठिणगी उडून दारूपर्यंत जाऊ नये म्हणून. आणि ठासणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही. दारूशी खेळणाऱ्या माणसाला बुजवू नये असं त्याचं कारण सांगत, पण आता तो शिष्टाचारच होऊन बसला होता. ठासणं चाललेलं असताना आडोशाशी कोणी डोकावलं तर सगळे त्याच्याकडे असं बघत, की जणू तो कोणाच्या न्हाणीघरात शिरलाय.

ताईच्या घरची जोडी म्हणजे बाबा आणि धाकटा. बाबा ठासायचे, धाकटा झाडायचा. गोळ्या ताई ओतायची, कारण शिसं वितळवून साच्यात ओतणं हे तिच्या धंद्याच्या जवळचं, आणि तिच्याशिवाय कोणी ओतल्या असत्या तर तिने त्या वापरू दिल्या नसत्या. बुडाशी सपाट, पुढे निमुळत्या, अंगावर चरबी भरायला बारीक चऱ्या. प्रत्येक गोळी ती भिंगाखाली बघायची आणि जिच्या बुडावर सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसेल ती परत भांड्यात. उरलेल्या बाबा तोलायचे. बाबांचा धंदाच तराजू दुरुस्त करायचा. सोनारापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हातून सरळ झालेले. क्लबात त्यांना उस्ताद म्हणत, आणि हे एकच नाव तिथे कोणी चेष्टेने उच्चारत नसे.

गेल्या वर्षी या तिघांनी लांब पल्ल्याचं बक्षीस मारलं होतं. या वर्षी मात्र कागदाकडे बघवत नव्हतं. एक गोळी वर, एक डावीकडे, एक थेट कागदाच्या काठाला, आणि मधूनच एखादी बरोबर काळ्या ठिपक्यात, नुसतं वाकुल्या दाखवायला.

पहिल्या रविवारी धाकट्याने विचारलं होतं, "ताई, गोळ्या ठीक आहेत ना?"

"तुझं डोकं ठीक आहे ना?" ताई म्हणाली होती. त्यानंतर तिच्या गोळ्यांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. पण बाकी कशाला म्हणून सोडलं नाही. आधी चरबी बदलली. म्हणे मेण कमी पडतंय. मग गोळी आणि दारू यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती आली. मग प्रत्येक बारानंतर नळी ओल्या फडक्याने पुसायची टूम निघाली. मग कुठूनसं एक पितळी यंत्र आलं, ते काय मोजत होतं ते त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. आणि एक नवं नाटक सुरू झालं. बाबांनी ठासून दिलेली बंदूक हातात घेतली की हा पठ्ठ्या आडोशाआड उभा राहून पुन्हा एकदा गज आत घालायचा आणि वरून दाबायचा. दर रविवारी. प्रत्येक बाराला. बाबांसारख्या माणसाने ठासलेल्या बंदुकीवर याची वर मोहोर!

"पूजा झाली का?" ताई लांबून ओरडायची.

"झाली," तो म्हणायचा, आणि जाऊन वाटेल तिथे गोळी मारायचा.

यात खरं तर नवल काहीच नव्हतं. ज्याला नेम जमत नाही तो वस्तूंच्या मागे लागतो, हे ताईला पाठ होतं. कवळी बसत नाही म्हणून तक्रार करणारे निम्मे लोक मुळात तोंडच नीट उघडत नाहीत. भावाचा नेम गेला होता, वय झालं होतं, पोट सुटलं होतं, आणि हे कबूल करण्याऐवजी तो चरबीवर, चकतीवर आणि फडक्यावर खापर फोडत सुटला होता. फोडू दे. तिचं काय जात होतं? हसायला विषय मिळत होता.

पण मग त्याने नळीवर खापर फोडलं, आणि ताईचं हसू आटलं.

जेवणाच्या टेबलावर त्याने ही गोष्ट काढली. सगळे जेवत होते, बाबा नेहमीप्रमाणे सावकाश चावत होते. धाकटा पाण्याचा ग्लास फिरवत म्हणाला, "बंदूकवाल्याशी बोललोय मी. नळीतले पेच, गोळीला गिरकी देणारे, झिजलेत. शिवाय पीळ मुळातच कमी आहे, लांबट गोळीला पुरत नाही. आतून पोखरून नवी नळी बसवून देतो म्हणतो. बाहेरून तीच दिसेल. शनिवारी घेऊन जाईन."

"आतून पोखरून," ताई म्हणाली.

"हो."

"आणि गेल्या वर्षी पीळ पुरत होता? बक्षीस काय पुठ्ठ्याच्या नळीने मिळवलंस?"

"झिजते गं नळी."

"डोकं झिजतं. नळी इतक्यात झिजत नाही."

ती नळी म्हणजे दुकानातून आणलेली कुठलीही नळी नव्हती. बाबांनी ती विकत घेतली तेव्हा आतून खडबडीत होती. शिशाचा बोळा, तेल आणि बारीक पूड घेऊन एक अख्खा हिवाळा ते ती आतून घासत बसले होते. ताई तेव्हा शाळेत होती. नळीचं दुसरं टोक धरायचं काम तिचं. गज आत सरकला की नळीतून एक हलकी थरथर तिच्या तळहातात यायची, आणि बाबा विचारायचे, "कुठे अडकलं? सांग." ती सांगायची, "आता. इथे." आणि बाबा तेवढीच जागा पुन्हा घासायचे. हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही, हे ती तिथे शिकली होती. कवळ्यांच्या धंद्यात पडली ती त्यामुळेच, असं ती कधीकधी म्हणायची, अर्थात कोणी ऐकत नसताना.

तिने बाबांकडे बघितलं. आता हे या शहाण्याला झापतील, पाणी पाजतील, नळीला हात लावून तर बघ म्हणतील.

बाबा म्हणाले, "ने. जुनी झाली असेल."

एवढंच. आणि पुन्हा जेवू लागले.

ताईने हातातला घास ताटात परत टाकला. भाऊ मूर्ख होता, ते ठीक, त्याच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. पण बाबांनी ती नळी अशी टाकून द्यावी? स्वतःच्या हाताने घासलेली? तिला त्यांचाही राग आला आणि मग आला म्हणून आणखी राग आला, आणि तो सगळा राग तिने धाकट्याच्या नावावर लिहून टाकला.

शनिवार यायच्या आत या बृहस्पतीचं पितळ उघडं पाडायचं, असं तिने ठरवलं.

बुधवारी दुपारी बाबा झोपले होते. तिने कपाटातून बंदूक काढली, आपल्या गोळ्यांचा डबा घेतला आणि क्लब गाठला. आठवड्याच्या मधल्या वारी तिथे सेक्रेटरीशिवाय कोणी नसे. या गृहस्थांना सगळे पाल्हाळकर म्हणत, कारण त्यांना "हो" म्हणायलाही पाच मिनिटं लागत.

"एकट्याच?" ते म्हणाले. "नाही, म्हणजे नियमात तसं काही आड येत नाही, सरावाला एकट्याने यायला हरकत नाही, फक्त जोडीची जी रीत आहे ती आपण..."

"माझी जोडी झोपली आहे," ताई म्हणाली आणि पुढे गेली.

आडोशाआड उभी राहून तिने स्वतः ठासलं. काही यंत्र नाही, काही चकती नाही. दारू मोजून ओतली. गोळीच्या चऱ्यांत चरबी भरली. गोळी नळीच्या तोंडाशी सरळ उभी बसवली, जरासुद्धा कलती राहू न देता, कारण एकदा तिरकी आत गेली की ती तिरकीच बाहेर येते. गजाच्या टोकाला वाटीसारखा खळगा होता, तो गोळीच्या नाकावर बरोबर बसतो. मग तळहाताने एकसारखा दाब, न थांबता, न ठोकता, थेट दारूपर्यंत. शिसं मऊ असतं. त्याला ठोकलं की नाक चेपतं, आणि नाक चेपलेली गोळी दारू प्यायलेल्या माणसासारखी चालते. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

मग पुढे जाऊन तिने बार काढला. परत आली. पुन्हा ठासलं. ती काही मोठी नेमबाज नव्हती, धाकट्याच्या भरातल्या दिवसांत तर ती त्याच्या पासंगालाही पुरली नसती. तरीही कागद उतरवून आणला तेव्हा सगळी भोकं एका चहाच्या कपाखाली झाकली गेली असती. ठिपक्याच्या जरा खाली, पण एका ठिकाणी, खेटून.

पाल्हाळकर चष्मा वर करून कागदाकडे बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात बोलले. "वा."

घरी जाताना ताईला वाटेत दोनदा हसू आलं. शब्द जुळवून ठेवले होते तिने. 'यंत्रमहर्षी, आपलं शास्त्र जरा तपासून घ्या.' नाही, हे जरा सौम्य झालं. 'पंप विका, पंप.' हे बरं होतं.

संध्याकाळी सगळे टेबलाशी जमल्यावर तिने तो कागद ताटांच्या मधोमध ठेवला.

"काय हे?" धाकटा म्हणाला.

"पीळ कमी असलेल्या, झिजलेल्या, पोखरून टाकायच्या लायकीच्या नळीचं काम. आज दुपारचं. तुझ्या चकत्या नाहीत, तुझं पितळी खेळणं नाही. माझ्या गोळ्या आणि ही नळी."

तिला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. चेहरा पडला, पण तिला वाटलं होतं तसा नाही. त्याने कागदाकडे धड बघितलंही नाही. तो बाबांकडे बघत होता.

"ताई, ठेव तो आत," तो हळू म्हणाला.

"का? फळ्यावर भाषण देताना लाज वाटत नाही, आणि आता बरी वाटायला लागली?"

बाबांनी हात पुढे केला. कागद उचलून दिव्याकडे धरला, मग खाली ठेवला आणि भोकांवरून बोट फिरवलं. काटा चुकतो तेव्हा ते असंच करायचे. एकेक भाग बाजूला काढून ठेवायचा, जो निर्दोष आहे तो पुसून परत डब्यात, आणि शेवटी हातात राहील तो दोषी.

"म्हणजे नळी नाही," बाबा म्हणाले.

"नाहीच!" ताई म्हणाली.

"गोळ्या तुझ्याच. त्या तर नाहीतच."

"नाहीत."

"दारू त्याच डब्यातली?"

"त्याच."

"मग राहिलं काय?"

"राहिला नेम!" ताई म्हणाली. तिला आपल्या आवाजातला आनंद ऐकू आला. "दुसरं काय राहणार?"

"हो, माझाच नेम," धाकटा लगेच म्हणाला. फारच लगेच. "खरं आहे तिचं. माझा नेमच गेलाय बाबा, मी उगाच नळीला दोष देत होतो. आपण नको नेऊया ती शनिवारी. मिटलं."

जो माणूस साधी लिफ्ट बंद पडली तरी आपली चूक नाही म्हणून तास घालवायचा, तो असा एका दमात कबूल झाला, तेव्हा ताईला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

बाबा म्हणाले, "याचा नेम तुझ्यापेक्षा चांगला आहे, पोरी. आजही." मग कागदावर बोट ठेवून, "हे ठासलं कोणी?"

"मीच," ताई म्हणाली, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडता पडता तिला तो परत गिळावासा वाटला.

बाबांनी मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. त्यांनी ताटातलं उरलेलं संपवलं. मग ताट बाजूला सरकवताना त्यांचा उजवा अंगठा ताटाच्या काठावरून निसटला, त्यांनी तो पुन्हा लावला, तो पुन्हा निसटला, आणि त्यांनी ताट डाव्या हाताने सरकवलं. ताई रोज त्यांच्यासमोर बसून जेवायची. तिने हे आज बघितलं.

"रविवारपासून तू ठास," बाबा म्हणाले. "चांगलं ठासतेस." आणि ते उठून आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी नेहमीसारखंच लावलं, आपटलं नाही.

धाकट्याने तो कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ केला. आता याचं काय करावं हे त्याला कळेना.

"किती दिवसांपासून?" ताईने विचारलं.

"थंडी संपल्यापासून. अंगठ्यात जोरच राहिला नाही. गज दाबता येत नाही म्हणून लाकडी हातोडीने ठोकतात. आडोशाआड कोण बघतंय? कधी गोळीचं नाक एका बाजूला चेपतं, कधी बूड तिरकं बसतं. आणि दोनदा तर गोळी दारूपर्यंत पोचलीच नव्हती, मधेच अडकलेली. तसाच बार काढला असता तर नळी फुटली असती, आणि नळीच्या मागे थोबाड माझं होतं."

"म्हणून तू पुन्हा गज..."

"म्हणून माझी पूजा," धाकटा म्हणाला.

ताईने बाबांचं ताट उचलून आपल्या ताटावर ठेवलं.

"आणि नळी कशाला पोखरत होतास?"

"नवी नळी आली की तिचा पीळ वेगळा, तिला ठासायची तऱ्हा वेगळी. मी म्हणणार होतो, बाबा, ही मला जमवायची आहे, तुम्ही शेजारी उभं राहून शिकवा. ते आडोशाआडच राहिले असते. उस्तादच राहिले असते. हात तेवढे माझे. बंदूकवाल्याशीही तसंच ठरलं होतं. लोखंडाचं काय एवढं? लोखंड दुसरं मिळतं."

"मला का नाही सांगितलंस?"

धाकटा पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत बोलला. "तुला? तू फळ्यावर लावलं असतंस."

हे खोटं होतं, असं ती म्हणू शकली असती. तिने तोंड उघडलंही. पण टेबलावर तो कागद होताच, ताटांच्या मधोमध, तिनेच ठेवलेला. आपण आपल्या जिभेच्या धारेला आयुष्यभर अक्कल समजत आलो, असं तिला वाटलं, आणि या विचाराने तिला इतकं लाजिरवाणं झालं की ती उठून उगाच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

शनिवारी बंदूक कुठे गेली नाही. रविवारी सकाळी बाबा कपडे करून बसले नाहीत. "तुम्ही जाऊन या," म्हणाले, "मला आज एक काटा बघायचाय." घरात दुरुस्तीला आलेला एकही काटा नव्हता.

क्लबात ताईने आडोशाआड उभं राहून ठासलं. रीतीप्रमाणे तिच्या हाताकडे कोणी बघितलं नाही. किती सोयीची रीत होती ही! इतक्या वर्षांत एका माणसाचा हात इथे सगळ्यांच्या देखत थकला, आणि सगळे शिष्टाचार म्हणून पाठ फिरवून उभे होते, तिला धरून. धाकट्याने बंदूक तिच्या हातातून घेतली. पुन्हा गज घातला नाही. पुढे गेला आणि असे बार काढले, की फळ्यासमोर गर्दी झाली. त्याचा नेम कुठेही गेला नव्हता. इतके महिने चेपलेल्या गोळ्या झाडत, लोकांचं हसू झेलत, तो माणूस तिथे छाती काढून उभा राहत होता, आणि सगळं बोलणं आपल्याकडे ओढून घेत होता, कोणी आडोशामागचा विचार करू नये म्हणून.

"उस्ताद कुठे आहेत?" पाल्हाळकरांनी विचारलं. "नाही, म्हणजे इतका सुंदर कागद, आणि उस्तादांनी ठासलं म्हटल्यावर सुंदर असणारच, पण ते स्वतः दिसले नाहीत, तेव्हा म्हटलं..."

"बरं नाही त्यांना," ताई म्हणाली. टोमणा सुचला नाही.

पुढच्या रविवारीही बाबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. ते खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचायचे, सगळं, जाहिरातींसकट. क्लबाबद्दल विचारायचे, कोण आलं होतं, वारा कसा होता. कागद दाखवला की "छान" म्हणायचे. तेच बाबा, जे पूर्वी छान कागदातही एक भोक हुडकून काढायचे आणि त्यावर जेवणभर बोलायचे. ते "छान" ताईला सहन होईना. यापेक्षा त्यांनी तिला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी तिने एक युक्ती काढली. धाकट्याला सांगितली नाही, कारण तो नको म्हणाला असता, आणि खरं तर म्हणून तिने थांबायला हवं होतं. पण ताईने कधी कोणाचं ऐकलंय? ती पुन्हा मधल्या वारी एकटी क्लबात गेली, नीट ठासलं, नीट नेम धरला आणि मुद्दाम ठिपका सोडून मारलं. एक वर, एक खाली, एक या कडेला, एक त्या कडेला, एक जरा आत. बरंच वाईट दिसेल असं. काम संपल्यावर तिने लांबून बघून खात्री करून घेतली.

घरी बाबा खिडकीशी होते. तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, नळी खरंच गेलीय," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं नशीब जोरावर होतं. हे बघा. माझ्या गोळ्या, मीच ठासलेलं, आणि हे असं. धाकट्याचं बरोबर होतं. नवी बसवून घ्यायला पाहिजे. आणि नवीला कसं ठासायचं ते आम्हा दोघांनाही येत नाही. तुम्हाला यावं लागेल."

हे वाक्य तिने वाटेत घोकलं होतं. म्हणताना ते तिला बरंच खरं वाटलं.

बाबांनी चष्मा लावला. कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितलं, एकेका भोकावरून नजर फिरवत, आणि त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी ते जुनं, खवचट हसू आलं. ते ताईने त्यांच्याकडूनच घेतलं होतं. तिच्या जिवात जीव आला.

"वर एक, खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक," बाबा म्हणाले. "सारख्या अंतरावर. कवळीतले दात बसवावेत तसे."

ताईने कागदाकडे पुन्हा बघितलं.

"खरं चुकणं इतकं नीटनेटकं नसतं गं," बाबा म्हणाले. "मला विचार."

त्यांनी चष्मा काढला, कागद तिच्या हातात परत दिला आणि वर्तमानपत्र उघडलं.